गोड्या विहिरीशेजारचा शोषखड्डा

ऑडिट तोंडावर आलं की आमच्या कारखान्यात रजिस्टरं रंगवायला बसतात. हा आमच्याकडचा शब्द. वर्षभर ज्या नोंदी व्हायला हव्या होत्या आणि झाल्या नाहीत, त्या एका बैठकीत करून टाकायच्या. याचं एक तंत्र असतं. चार वेगवेगळी पेनं घ्यायची, कारण सहा महिने एकच शाई कोणी वापरत नाही. मधूनच एखादा आकडा खोडायचा, वर नवा लिहायचा, बाजूला सही ठोकायची. रविवारी नोंद पडू द्यायची नाही, त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवायचं. शेवटी पानांना थोडा तेलाचा हात लावायचा, कारण सरकीच्या तेलाच्या कारखान्यात कोरं करकरीत रजिस्टर दिसलं तर परीक्षकाला संशय येणारच. हे मला कोणी शिकवलं नाही. मीच ते बाकीच्यांना शिकवलं, आणि त्या कारखान्यात पर्यावरणाची जबाबदारी माझ्याकडे होती.

अजूनही आहे. राहते अमरावतीला, बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला उतरते, आणि तिथून कारखान्याची जीप आम्हाला बाळापूर रस्त्याने पोचवते. रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, काही वर्षं कोचिंग क्लासमध्ये पोरांना मोल म्हणजे काय ते समजावण्यात घालवली, मग ही नोकरी लागली. स्वभाव मुळातच धास्तावलेला. गॅस बंद केला का ते पाहायला मी जिन्यावरून दोनदा परत जाते. कुलूप ओढून पाहते, खाली उतरते, पुन्हा वर जाऊन ओढून पाहते. नवरा म्हणतो, तुला पगार काळजी करायचाच मिळतो, घरी तरी सुट्टी घे. काळजी करणारी बाई काळजी घेतेच असं मात्र नाही. ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

आमचा कारखाना सरकी घेतो. तिच्यावरची बारीक लव काढून ती परदेशी पाठवतो, आतलं तेल काढून इथल्या बाजारात विकतो. लव घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने एका वर्षी कळवलं की पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू करा, प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. चौदा हजार एक हा त्या मानकाचा नंबर. साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांनी, फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हे आता तुमचं लेकरू."

मला वाटलं होतं त्यात आकडे असतील, एवढं पाणी सोडा, एवढा धूर चालेल. तसलं काही नाही. त्यात जवळपास सगळे प्रश्नच आहेत. तुमच्या कामामुळे हवेचं, पाण्याचं, मातीचं काय होतं? त्याची झळ कोणाला लागते? त्या माणसांना तुमच्याकडून काय हवंय? तुम्ही काय मोजता, आणि मोजलेलं बिघडलं तर काय करता? पुढच्या वर्षी यापेक्षा बरं काय करणार? शाश्वत विकास हा शब्द आमच्याकडे पाहुण्यांच्या भाषणात येतो आणि हारासोबत गाडीत बसून निघून जातो. इथे तो घरच्या कामासारखा वाटून दिलेला होता, हे तू कर, हे त्याने करावं, अमुक तारखेला दाखव. मला ते मनापासून आवडलं, खोटं कशाला सांगू. त्या मानकामुळेच आम्ही तेलकट पाण्याच्या तळ्याला जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावलं. तळ्यातून काही झिरपतं का ते कळावं म्हणून मागच्या बाजूला एक निरीक्षण बोअर पाडलं. मानक नसतं तर आमच्या मालकांनी पाण्याची अवस्था पाहण्यासाठी बोअर पाडलं असतं, हे मला शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

आता खाऱ्या पाण्याचं सांगायला हवं. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख खारपाणपट्टा. बोअर घेतलं की खारं लागतं. ते पाणी बॉयलरला चालत नाही म्हणून आम्ही आरओ बसवला. आरओमधून जेवढं गोडं पाणी मिळतं, जवळपास तेवढंच आणखी खारं झालेलं पाणी बाजूला पडतं. त्याला सगळे रिजेक्ट म्हणतात. हे रिजेक्ट आधी नालीतून रस्त्याच्या कडेला वाहायचं. आणि वाहतं पाणी दिसलं की वऱ्हाडातल्या माणसाच्या जिवाला लागतं. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणी अडवा, पाणी जिरवा वाचत आम्ही लहानाचे मोठे झालो. एवढं पाणी डोळ्यांदेखत वाया जातं, याचं काहीतरी करा, असं जो तो येऊन मला सांगायचा.

मी केलं. कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून शोषखड्डा खणून घेतला. खाली दगड, वर गोटे, वर वाळू, अगदी पुस्तकात असतो तसा. रिजेक्टचा पाइप त्यात सोडला. पाणी दिवसभर खड्ड्यात पडायचं आणि जमिनीत गडप व्हायचं. मानक दरवर्षी एखादी सुधारणा मागतं, ती झाली. खड्ड्याचा रंगीत फोटो गेटजवळच्या फलकावर लागला, खाली लिहिलं, भूजल पुनर्भरण. मालकांनी माझी पाठ थोपटली. कोणत्या कामाचा निसर्गावर काय परिणाम होतो याचा एक मोठा तक्ता मानकानुसार करावा लागतो, त्यात मी या पाण्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं की खाऱ्या जमिनीत खारं पाणी, परिणाम नगण्य. त्यात विषारी काही नाही, रसायन नाही, आपल्याच जमिनीतून उपसलेलं मीठ आपण परत देतोय, असा माझा हिशेब. आमच्याकडे खारं पाणी प्रदूषणात धरतच नाहीत. ऊन धरतात का?

कुंपणापलीकडे एका कुटुंबाची तीन एकरांची भाजीची वाडी आहे. मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेने झेंडू. भल्या सकाळी माल अकोल्याला जातो. घरात काकू, काका, मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात. त्यांच्या विहिरीचं पाणी गोडं. नाल्याच्या काठी वाळूचा थर आहे, त्यामुळे एवढाच तुकडा वाचला, असं जुनी माणसं सांगतात. आसपासच्या गावांत लग्न असलं की आचारी त्या विहिरीवर कॅन घेऊन यायचे, कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा जीपवाल्याकडून तिथला एक कॅन भरून घेऊन रेल्वेतून अमरावतीला नेला होता, नुसता चहा करून पाहायला. म्हणजे विहीर गोडी आहे हे मला ठाऊक होतं, आणि खड्डा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

त्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी दुपारी मी निरीक्षण बोअरचं रजिस्टर रंगवायला घेतलं. प्रमाणपत्राचे परीक्षक गुरुवारी येणार होते. सुरुवातीचे तीन महिने मी खरोखर मागे जाऊन पाण्यातले क्षार मोजले होते. सगळे आकडे सहाशेच्या आतबाहेर, म्हणजे शेजारच्या विहिरीसारखंच गोडं. मग पावसाळा आला. मागच्या वाटेवरची काळी माती चपलेला अशी धरते की पाय उचलावा तर चप्पल मागे राहते. एक महिना राहिला, मग दुसरा, आणि तेलाचा तवंग तर काही दिसत नव्हताच. आता आठ महिन्यांची पानं कोरी होती. मी निळं पेन उचललं आणि लिहिलं, सहाशे दहा. काळं उचललं, पाचशे नव्वद. तिसरा महिना लिहून पाय मोकळे करायला मागे गेले, तर कुंपणाच्या तारेपाशी काकू उभ्या.

"मॅडमजी," त्या म्हणाल्या, "तुमी पान्याचं शिकलेल्या हाय म्हनतात. मले एक सांगा बरं. तुरीची डाय काहून शिजून नाही राहिली? तीन मयने झाले. कुकरच्या सात-सात शिट्ट्या काढतो, तरी दाना दानाच."

"डाळ जुनी असेल," मी म्हणाले.

"घरची हाय. याच सालची. अन् हे पाहा." त्यांनी मेथीची एक जुडी तारेवरून पुढे केली. पानं हिरवीगार होती, पण काठाकाठाने तपकिरी, करपल्यासारखी. "आमचे हे म्हनतात, खारपान सरकलं असंन इकडे. एवढे दिवस वाचलो हेच नशीब म्हना."

"तसंच असेल," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मागे वळून पाहिलं. पाइपचं पाणी शोषखड्ड्यात पडत होतं, त्याचा आवाज येत होता. मी काकूंना तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. खिशात क्षार मोजायचं छोटं मीटर असतं, ते त्यात बुडवलं. आकडे चढायला लागले. हजार ओलांडले, दीड हजार ओलांडले, एकोणीसशेच्या पुढे जाऊन थांबले.

"काय दाखवून राहिलं?" काकूंनी विचारलं.

"सेल गेलाय बहुतेक," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरले, एवढंच. काकूंनी मान हलवली आणि ती जुडी मला घरी न्यायला दिली. त्या गेल्यावर मी निरीक्षण बोअरचं पाणी काढून मोजलं. त्याचा आकडा विहिरीच्या आकड्यापेक्षा वर गेला. मग शोषखड्ड्याचं मोजलं, ते त्याहूनही कितीतरी वर. तीन आकडे, तीन पावलं. कोचिंग क्लासमधल्या पोरानेसुद्धा सांगितलं असतं मीठ कुठून कुठे चाललंय.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"मॅडम, हा खारपानपट्टा हाय," ते म्हणाले. "इथं पानी खारं झालं त्यात नवल काय? अन् आपल्याच खड्ड्यानं झालं हे कशावरून?"

"सर, आकडे पाहा ना."

"पाहिले. मी नाही कुठं म्हनलं? पन शुक्रवारपर्यंत दम धरा. ऑडिट होऊ द्या. शनिवारी खड्डा बंद करू, त्याईले आपल्या आरओचा पाइप टाकून देऊ. चार दिवसानं काय होते? प्रमाणपत्र गेलं अन् लव घेनारा फिरला तं इथल्या मानसाईनं काय करावं?"

मला ते पटलं. मन मारून नाही, सरळ पटलं, आणि हायसंसुद्धा वाटलं की निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला. मी टेबलावर परत आले आणि उरलेले पाच महिने लिहून काढले. सहाशे पाच. सहाशे वीस. पाचशे पंच्याण्णव. अक्षर नेहमीसारखंच आलं.

परतीच्या गाडीत मेथीची जुडी मांडीवर. त्या पाण्याची मेथी खाल्ल्याने काही होत नाही, हे मला कळत होतं. तरी ती घरी नेऊन निवडायची, परतायची, लेकीच्या पानात वाढायची, हे मला जमेना. बडनेऱ्याला उतरले तेव्हा फलाटावर कोणाला द्यावी तर तेही जमेना. शेवटी बाकावर ठेवून दिली आणि विसरल्यासारखं करून पुढे निघाले. एक माणूस मागून धावत आला, "ताई, भाजी राहिली तुमची." मी त्याचे आभार मानले.

मंगळवारी मी कारखान्याच्या मागच्या बाजूला फिरकले नाही. तरी माझ्या खिडकीतून त्यांच्या मोटरीचा आवाज येतो. मोटर सुरू झाली की मला वाटायचं, आता हंडा भरला असेल, आता माठात ओतलं असेल. मी स्वतःला समजवायचे की एकोणीसशेने कोणी मरत नाही, याच जिल्ह्यात कितीतरी गावांनी याहून खारं पाणी जन्मभर प्यायलंय. हे सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. जेवण जाईना. डबा तसाच परत नेला. घरी नवऱ्याने विचारलं तर ऑडिटचं टेन्शन म्हणून सांगितलं. दार लावल्यावर कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

बुधवारी कामगारांचं प्रशिक्षण होतं आणि ते माझ्याकडेच होतं. विषय, काही बिघडलं तर काय करायचं. मानकात याचा क्रम दिला आहे आणि मला तो तोंडपाठ आहे. मी फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "चूक सापडली की सगळ्यात आधी काय?" सगळे एका सुरात म्हणाले, "आधी परिणाम आवरायचा." "मग?" "मग कारण शोधायचं." मीच त्यांच्याकडून ते घोकून घेतलं होतं. मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ पुसलेलंच पुसत राहिले. दुपारी मागच्या वाटेच्या तोंडापर्यंत गेले. काकू वाडीत वाकून खुरपत होत्या. त्यांनी मला पाहिलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी तेव्हा ठरवलं होतं. त्यांनी पाहिलं नाही. मी परत आले.

गुरुवारी परीक्षक आले. सडपातळ, पन्नाशीचे, अंगात हाताने विणलेला स्वेटर, सोबत घरचा डबा. आल्या आल्या म्हणाले, मला अ‍ॅसिडिटी आहे, चहाचा आग्रह करू नका. त्यांनी रजिस्टरं पाहिली. निरीक्षण बोअरची पानं उलटली, एका खोडलेल्या आकड्यावर क्षणभर थांबले, पुढे गेले. तेलाचा हात, चार पेनं, सगळं कामी आलं. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

मग आम्ही कारखान्यात फिरलो. साहेब पुढे, परीक्षक मध्ये, मी मागे. शोषखड्ड्यापाशी परीक्षक थांबले. वाकून गोट्यांचा थर पाहिला, पाणी कसं गडप होतं ते पाहिलं.

"कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मॅडमची," साहेब म्हणाले.

"छान. रिजेक्ट सगळीकडे नालीत सोडतात, मी रोज पाहतो. हे मी अहवालात चांगली बाब म्हणून लिहितो. या पट्ट्यातल्या बाकीच्या कारखान्यांनाही दाखवता येईल." आणि ते वहीत लिहू लागले.

पकडली गेले असते तर मी कदाचित गप्पच राहिले असते. पण ती शाबासकी मला सहन झाली नाही. अकोल्यापासून बाळापूरपर्यंत जिथे जिथे आरओ आहे तिथे तिथे कुंपणाला लागून असा एक खड्डा मला दिसायला लागला, आणि प्रत्येक कुंपणापलीकडे एक तांब्या.

"सर, ते लिहू नका," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बॉयलरच्या चिमणीकडे पाहायला लागले. मी सगळं सांगितलं. एका दमात, भराभर, वाक्यं अर्धीमुर्धी. विहीर, डाळ, तीन आकडे, सोमवार. शेवटी सांगितलं की बोअरच्या रजिस्टरमधली आठ महिन्यांची पानं मी बसून लिहिली आहेत, त्यातला एकही आकडा खरा नाही. आता नोकरी जाणार, प्रमाणपत्र जाणार, आणि या सगळ्या माणसांसमोर मी खोटारडी ठरणार, हे मला लख्ख दिसत होतं.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं ते रजिस्टर मागतील.

"त्या विहिरीचं पाणी पितं कोण?" त्यांनी विचारलं.

"पाच माणसं आहेत. एक लहान मूल."

"त्यांना सांगितलं?"

"नाही."

"मग आधी ते करा. माझे कागद कुठे पळून जात नाहीत."

पुढचं आधी सांगून टाकते. आमच्यावर मोठी त्रुटी नोंदली गेली आणि प्रमाणपत्र काही महिने लटकलं. लव घेणाऱ्या गिऱ्हाइकाने कारणांचा लेखी खुलासा मागवला आणि तो पाहून थांबायचं कबूल केलं. खड्डा त्याच दिवशी बंद झाला. रिजेक्ट आता बॉयलरची गरम राख विझवायला वापरतो, उरलेलं अस्तर लावलेल्या उथळ टाक्यांमध्ये उन्हात वाळवतो. वाडीतल्या घरी आधी टँकर गेला, मग आमच्या आरओचा पाइप. कारण शोधायचं म्हणजे पाच वेळा का विचारायचं, अशी एक पद्धत आहे. आम्ही बसलो आणि विचारलं. विहीर खारी का झाली? खड्ड्यामुळे. खड्डा का खणला? पाणी जिरवणं चांगलंच असतं म्हणून. हे पाणी कसलं आहे ते का पाहिलं नाही? इथे सगळं खारंच म्हणून. विहीर गोडी आहे हे का धरलं नाही? त्या लोकांना विचारलं नाही म्हणून. ते का विचारलं नाही? झळ लागणाऱ्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि त्यांच्या अपेक्षेच्या रकान्यात मी खुर्चीवर बसूनच लिहिलं होतं, धूळ आणि आवाज नको. माझ्याशी साहेब पुढे दोन-तीन महिने कामापुरतंच बोलत.

माझी नोकरी राहिली. लोक म्हणतात हे प्रमाणपत्रवाले सगळे कागदी घोडे, आणि मी ते निमूट ऐकून घेते, कारण घोडे मीच रंगवले होते. पण बोअर पाडायला मानकाने लावलं होतं. दर महिन्याला मोजा असं त्यानेच सांगितलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे केलं असतं तर पावसाळ्यानंतर पहिल्याच महिन्यात आकडा हलला असता आणि विहीर बहुधा वाचली असती. विहीर अजून गोडी झालेली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी मोजते. आकडा थोडा उतरतो, थोडा चढतो, आणि मोजायच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

आता गुरुवारची दुपार. परीक्षक डबा उघडून बसले आणि मी वाडीत गेले. कुंपणाला वळसा घालून फाटकातून गेले, पहिल्यांदाच. अंगणात काकू मेथीच्या जुड्या बांधत होत्या, सून बाजूला बसून सुतळी तोडून देत होती. नात खाटेवर झोपली होती. काकूंनी खुर्ची टाकायला लावली आणि सुनेला म्हणाल्या, "मॅडमले पानी दे." सुनेने ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी तो हातातच धरून बोलायला लागले.

सांगितलं. खड्डा मी खणवला, पाणी आमचं, खारपाण कुठून सरकलं नाही. आजपासून हे पाणी पिऊ नका, टँकर येतोय.

काकू ऐकत होत्या, हात जुडीवर तसाच. त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या सुनेकडे वळल्या.

"तीन मयने मी इले बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "मायनं डाय शिजवाले बी शिकवलं नाही, म्हनलं. तिच्या मायसमोर म्हनलं. दिवाळीत आली होती तिची माय."

सुनेने सुतळी खाली ठेवली. ती माझ्याशी आजवर कधी बोलली नव्हती.

"तुमाले कवा समजलं?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी तं तुमी इथंच मोजलं. आमच्याच तांब्यात. सेल गेला म्हनलं."

"हो," मी म्हणाले. "खोटं बोलले."

ती उठली. खाटेवरच्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, अन् आज," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "चार दिवस आमी हे पानी पेलो. तुमी हातातला तसाच धरून बसल्या."

मी ग्लासकडे पाहिलं. काठोकाठ भरलेला होता. काकू म्हणाल्या, "राहू दे वं, त्याईले कायले." सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ग्लास तोंडाला लावला. पहिल्या घोटाला जिभेवर खारट चव आली, मग तुरटसर. मी थांबले नाही, पूर्ण प्याले, आणि ग्लास तिच्या हातात परत दिला.